टोफिनोला जाताय? आधी पंचांग उलटं करा

मी चिपळूणची. पावसाबद्दल मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. टोफिनोच्या पहिल्याच फेरीत जीन्स घालून गेले आणि तो उतरला. कॅनडात व्हँकुव्हर शहरात माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे जायचं असतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिंचोळ्या भूशिराच्या टोकाला अडीच हजार वस्तीचं हे गाव. वर्षाला ३,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्या कोकणाच्या तोडीचा. पण येतो ऑक्टोबर ते मार्च. हिवाळ्यात पॅसिफिकवरून वादळांची रांग लागते, ओले वारे डोंगरांवर चढतात आणि रिकामे होतात; सह्याद्रीचाच प्रकार. उन्हाळ्यात समुद्रावर उच्च दाब ठाण मांडतो आणि वादळांना अलास्काकडे पिटाळतो.

तेव्हा खवळलेला समुद्र बघायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. सोबत आजी-आजोबा असतील तर जुलै. ऑगस्टला तिथे गमतीने ‘फॉगस्ट’ म्हणतात: थंड पाण्यावर दमट हवा आली की धुकं. सकाळी समोरचं काही दिसलं नाही तरी हॉटेलात बसून राहू नका, दुपारी बऱ्याचदा उघडतं.

उन्हाळ्यात नळ जपून सोडा. हसू नका! २००६ साली उन्हाळा संपता संपता, ऐन सुट्टीच्या तोंडावर, या गावाला पाणी पुरेना. पाहुणे येतात तेव्हा पाऊस नसतो आणि साठवण बेताची. मे महिन्यात टँकरची वाट बघितलेल्या कोकणी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

कपड्यांचं मात्र नीट ऐका. छत्री नेऊच नका, वारा तिची फुलदाणी करतो. आपल्या पावसात भिजलं तर मजा येते, इथे हिवाळ्यात पाच-सहा अंशांत बोटं वाकेनाशी होतात. सुती काहीही नको. लोकरीचे मोजे, पाणी न शिरणारं जाकीट, तशीच पँट, गमबूट. माझी ती जीन्स दोन दिवस हीटरवर होती, तरी शिवणी ओल्याच.

रेनफॉरेस्ट ट्रेल ही तिथल्या जंगलातली पायवाट. तिच्या दोन फेऱ्या आहेत, दोन्ही लाकडी फळ्यांच्या वाटेवरून, साधारण एकेक किलोमीटरच्या. फळ्या निसरड्या असतात, कठडा धरा. पाऊस थांबला तरी झाडं बराच वेळ पागोळ्यांसारखी गळत राहतात, टोपी काढू नका. एखादं आडवं पडलेलं खोड दिसलं की वाका. त्यावर बोटभर जाड शेवाळ आणि त्या शेवाळात हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची रोपं, वाफ्यात लावल्यासारखी ओळीने. जमिनीवर गर्दी फार, म्हणून ती मेलेल्या झाडावर रुजतात. मी तिथे वीस मिनिटं उकिडवी बसले होते, नवरा पुढे जाऊन परत आला.

लाँग बीचवर समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. वाहून आलेले भलेमोठे ओंडके लाटेबरोबर लोळतात. आणि बेटावर नानायमोला फेरीबोटीतून उतरलात की टोफिनोपर्यंत पुढे दोनशे किलोमीटर रस्ता आहे. पेट्रोल वाटेतल्या पोर्ट अल्बर्नीला भरा, घरी फोनही तिथूनच करा. पुढे घाटात रेंज जाते.