सुंदरबनात संशोधनाला जायचंय? आधी काय मोजता येतं ते सांगा

दरवर्षी उन्हाळ्यात परीक्षा आटोपल्या की कृषी, भूगोल, समाजकार्य शिकलेल्या मुलामुलींचे मेसेज येऊ लागतात. "ताई, हवामानबदलावर काम करायचंय. एखाद्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जागा असेल तर कळवाल का?" कळवते. पण त्याआधी विचारते, तुला काय मोजता येतं? हा प्रश्न बहुतेकांना रुचत नाही. आंतरविद्याशाखीय काम म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं येणं, असा समज कुठून तरी पसरलाय. प्रकल्पात नेमकं उलटं असतं. माती तपासणारे, पाणी मोजणारे, अर्थशास्त्राचे, मुलाखती घेणारे असे सगळे एका टेबलाभोवती बसले की ज्याला सगळ्यातलं थोडं येतं त्याच्या वाट्याला बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम येतं.

मी पेणकडची. घरची जमीन खारपट्ट्यातली. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की सगळं गाव माती आणि दगड घेऊन धावतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि कोलकात्याहून चालणाऱ्या एका संयुक्त प्रकल्पात सुंदरबनातली माती तपासायला गेले. भागीदार तीन देशांतले. अशा प्रकल्पांची घडण साधारण सारखीच असते. २०१४ ते २०१८ मध्ये झालेला 'डेक्मा' हा त्यातला माहितीतला नमुना. ब्रिटनमधलं साउथॅम्प्टन विद्यापीठ पुढाकार घेणारं आणि भारतातून जादवपूर, बांगलादेशातून ढाक्याचं अभियांत्रिकी विद्यापीठ, घानातून तिथलं विद्यापीठ. गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना, महानदी आणि आफ्रिकेतली व्होल्टा अशा मुखांकडची गावं त्यांनी अभ्यासली. पुढे २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने 'लिव्हिंग डेल्टाज' आला. त्यात व्हिएतनामच्या मेकाँग आणि लाल नदीची भर पडली.

पश्चिम किनाऱ्यावर वाढलेल्याला त्रिभुज प्रदेश डोळ्यांत मावायला वेळ लागतो. आपल्याकडे सह्याद्रीपासून समुद्र इतका जवळ की नद्या खाडीतून सरळ समुद्रात जातात. गाळ पसरून देश तयार व्हायला जागाच नाही. सुंदरबनात नजर जाईल तिथवर नद्यांनीच आणून टाकलेली जमीन आहे. भारताच्या बाजूला १०२ बेटं, त्यांतल्या ५४ वर माणसं राहतात, बाकीच्यांवर जंगल. २०११ च्या जनगणनेनुसार सुंदरबनच्या १९ ब्लॉकमध्ये मिळून वस्ती ४४ लाखांच्या घरात. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास मातीचे बांध ही जमीन राखतात, आणि भरतीच्या वेळी बांधाबाहेरचं पाणी आतल्या शेतापेक्षा उंच असतं. खारबंदिस्ती आणि उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) पाहिलेल्या रायगडकराला किंवा खाजन शेती आणि मानस (तसंच दार) पाहिलेल्या गोवेकराला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. प्रमाण मात्र नव्याने शिकावं लागतं.

आता मोजण्याकडे. सहकार्य म्हणजे परिषदा, झूमवरच्या बैठका आणि प्रस्तावात तीनदा 'शाश्वत' लिहिणं, असं बाहेरून वाटतं. माझा अनुभव असा की त्यातला मोठा वाटा एकमेकांची मापं जुळवण्यात जातो. मातीच्या खारेपणाचंच घ्या. मातीचा लगदा करून त्याचा अर्क काढला आणि त्याची विद्युतवाहकता ४ डेसिसीमन्स प्रति मीटरच्या वर गेली, की जमीन खारवट म्हणायची. पण बऱ्याच प्रयोगशाळांत वेळ वाचवायला एका भाग मातीत पाच भाग पाणी घालून ईसी, म्हणजे हीच विद्युतवाहकता, काढतात. तीच माती, पण आकडा कितीतरी पटींनी खाली येतो. दोन देशांचे दोन तक्ते शेजारी ठेवले की एका बाजूची जमीन उगाच गोडी दिसते. शिवाय नमुना कोणत्या महिन्यातला? एप्रिल-मे मध्ये खारेपणा टोकाला जातो आणि पावसाळ्याच्या शेवटी पार उतरतो. महिना न लिहिलेला आकडा माझ्या लेखी कचरा आहे.

उंचीचंही तसंच. भारतात उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. बांगलादेशातल्या जुन्या सर्वेक्षणांत पीडब्ल्यूडीचा, म्हणजे बांधकाम खात्याचा, शून्य वापरतात, तो सरासरी समुद्रसपाटीच्या साधारण अर्धा मीटर खाली. जिथे अख्खं गाव समुद्रापासून मीटर-दोन मीटर वर आहे तिथे अर्धा मीटर म्हणजे कोण बुडणार आणि कोण नाही याचा फैसला. नकाशा जोडताना हे पहिल्याच दिवशी विचारा, ज्येष्ठ लोक गृहीत धरून बसलेले असतात.

आणि सगळ्यात लांबलेला वाद 'कुटुंब' कोणाला म्हणायचं यावर. नवरा केरळात बांधकामावर, वर्षातले आठ महिने तिकडे. थोरला मुलगा तमिळनाडूत. घरी बाई, सासू आणि दोन लहान. नवरा कुटुंबात धरायचा की स्थलांतरित म्हणून वेगळा? अर्थशास्त्राच्या गटाला पैसे कुठून येतात ते हवं होतं, म्हणून तो आत. लोकसंख्येवाल्यांना घरी झोपतं कोण ते हवं, म्हणून बाहेर. बांध फुटला तर माती टाकायला हात किती, हे पाहणाऱ्यांना तिसरंच उत्तर लागत होतं. शेवटी प्रश्नावलीत तीन वेगळे रकाने आले. रटाळ वाटेल, पण माझ्या मते संशोधनातला खरा सहयोग तिथे झाला. 'डेक्मा'च्या पाहणीतही लोकांनी गाव सोडण्याचं मुख्य कारण म्हणून हवामानापेक्षा काम आणि पैसा हेच जास्त सांगितलं. याचा अर्थ समुद्राचा संबंध नाही असा नव्हे. शेतात खारं पाणी शिरलं, भात गेला, कर्ज झालं, म्हणून कामाला गेलो. यातलं शेवटचं वाक्य तेवढं माणूस सांगतो. पहिली तीन माझ्यासारखीने मातीतून काढायची.

२५ मे २००९ ला आयला वादळ आलं, सातशेहून अधिक किलोमीटर बांध मोडले आणि खारं पाणी शेतात साठून राहिलं. त्यानंतर सुधारित भाताने दगा दिला म्हणून लोक नोनाबोकरा, तालमुगूर, दुधेश्वर अशी जुनी वाणं शोधत फिरले. कॅनिंगला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन यावं. आपल्या पनवेलच्या खारभूमी केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या वाणांची ओळख असेल तर तिथल्या लोकांशी बोलायला विषय आयता मिळतो.

प्रकल्पात शिरण्याआधी आणखी एक बघायचं. प्रश्न कोणी ठरवला? याला बांगलादेशातल्या खुलना-जेसोर भागासारखं उदाहरण नाही. १९६० च्या दशकात तिथे किनाऱ्यालगतच्या जमिनीभोवती बांध घालून पोल्डर करायला सुरुवात झाली, देशाच्या सगळ्या किनाऱ्यावर मिळून १३९. भरतीचं पाणी अडलं, पीक वाढलं, काही वर्षं सगळे खूश. पण भरतीबरोबर येणारा गाळ आता शेतात पसरेना, तो नदीच्याच पात्रात बसू लागला. पात्र वर आलं, आतली जमीन खालीच राहिली आणि १९८० च्या दशकापासून पावसाचं पाणी बाहेर पडायलाच वाट उरली नाही. अभियंत्यांचा प्रश्न होता, पाणी उपसायचं कसं. गावकऱ्यांचा प्रश्न होता, गाळ परत आत घ्यायचा कसा. १९९० मध्ये बिल डाकातियात (बिल म्हणजे सखल पाणथळ जमीन) लोकांनी स्वतःच बांध कापला, १९९७ मध्ये बिल भायनात तेच केलं. भरतीचा गाळ आत येऊन जमीन चढली, नदी खोल झाली. पुढे या पद्धतीला 'टायडल रिव्हर मॅनेजमेंट' असं भारदस्त नाव मिळालं आणि सरकारी योजनेत जागा मिळाली. पण ज्यांच्या शेतावर काही वर्षं भरती खेळवायची त्यांच्या भरपाईचं भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून मुलाखतीला गेलात तर विचारा, पहिल्या वर्षी गावात प्रश्न ठरवायला वेळ ठेवलाय का, की प्रश्नावली छापून तयार आहे? छापून तयार असेल तरी नोकरी घ्या, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या.

गावातल्या कामाबद्दल थोडं. सियालदहहून कॅनिंग लोकल, पुढे गोदखाली आणि गोसाब्याची फेरी. सागर बेटाला जायचं तर लॉट नंबर आठहून कचुबेडिया. ओहोटीला सागरची फेरी थांबते, तेव्हा तिथीचं कॅलेंडर जवळ ठेवा. कोकणातल्यांना उधाण-भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, कळतं, त्याचा इथे थेट उपयोग होतो. बंगाली शिका. हिंदीवर भागतं असं सांगणारे कोलकात्यापुरतं सांगतात.

संमतीपत्रावर सही घेताना जपा. प्रत्येक वादळानंतर मदतीच्या याद्या झाल्यात, त्यामुळे अंगठा मागितला की काहीतरी मिळणार असं वाटतं, किंवा आधी नाव लिहून नेलं आणि काहीच आलं नाही याचा राग निघतो. नैतिकता समितीकडून तोंडी, साक्षीदारासमोरच्या संमतीची परवानगी आधीच घेतलेली बरी. बागदा कोळंबीचं 'मीन', म्हणजे बारीक पिल्लं, गोळा करायला कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढणाऱ्या बायका भरतीच्या वेळेप्रमाणे काम करतात. त्यांना सकाळी अकराला गाठून दीड तासाची मुलाखत मागणं शुद्ध अडाणीपणा आहे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण नवख्याला इथेच किंमत येते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतली प्रवाहाची मोजमापं केंद्रीय जल आयोग गोपनीय वर्गात ठेवतो. १९७५ ला सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यातून किती पाणी सुटलं हे तुमच्या परदेशी भागीदाराला ईमेलने धाडायची गोष्ट नाही. संरक्षित जंगलात पाऊल टाकायला वनखात्याची परवानगी लागते. जैविक नमुने देशाबाहेर न्यायचे तर २००२ चा जैवविविधता कायदा आड येतो, आणि बरोबरच येतो. परदेशी पैशाचं तर विचारूच नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला निधी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे गावातली जी छोटी संस्था तुम्हाला घरोघर नेते तिला त्या निधीतून वाटा देता येत नाही. हे प्रस्ताव लिहितानाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. तो कोणीतरी तुम्ही असलात तर दुसऱ्या प्रकल्पातही तुम्हाला बोलावतील.

पगाराचं स्पष्ट बोलते. नेट परीक्षा झालेल्या जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधकाला, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं आहे. बाकीच्या पदांचं प्रकल्पागणिक बदलतं. करार बहुधा वर्षाचा. परदेशी निधी कायमचा धरू नका. २०२१ मध्ये ब्रिटनने परदेशी मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणला तेव्हा चालू प्रकल्पांचे पैसे मध्येच कापले गेले. अशा वेळी पहिली कात्री लागते ती क्षेत्रकाम करणाऱ्यांना, प्राध्यापकांना नव्हे. शोधनिबंधावर नाव कोणाचं आणि कितवं हे सुरुवातीलाच लेखी मागा. मागणं उद्धटपणाचं नाही, चांगले मार्गदर्शक स्वतःहून काढून देतात.

ज्यांना बंगाल लांब वाटतो त्यांच्यासाठी घराजवळ एक विषय पडून आहे, आणि मराठी मुलं त्याकडे वळत नाहीत याचं मला नवल वाटतं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला आणि कृष्णा महाबळेश्वरला उगवते, दोन्हींचे त्रिभुज प्रदेश आंध्रात आहेत. तिथल्या मुखांशी किनारा मागे हटल्याचं अभ्यासकांनी दाखवलंय. काकिनाड्याजवळचं उप्पाडा तर वर्षानुवर्षं समुद्र खातोय. जो गाळ तिथे पोचायला हवा त्यातला काही पैठणला जायकवाडीच्या तळाशी आहे, काही उजनीत. कोयनेचं तर पाणीच वीज करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत जातं. धरणांतल्या गाळाची सर्वेक्षणं नाशिकची 'मेरी' ही सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था करते. या नद्या गोपनीय वर्गात नाहीत, त्यामुळे पोलावरम आणि विजयवाडा इथली प्रवाहाची मोजमापं इंडिया-डब्ल्यूआरआयएस या पाण्याच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. कोणा परदेशी निधीची वाट न पाहता, एम.एस्सी.च्या प्रबंधात एका धरणाचा गाळ आणि मुखाजवळच्या उपग्रहचित्रातला किनारा शेजारी ठेवता येईल. वरच्या राज्यातला विद्यार्थी आणि खालच्या राज्यातलं विद्यापीठ अशी जोडी जमवायची तर विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठात या किनाऱ्यावर फार आधीपासून काम चालू आहे. तिथल्या एखाद्या मार्गदर्शकाला पत्र लिहिताना हवामानबदलाची कळकळ एका ओळीत आटोपा आणि तुम्हाला काय मोजता येतं ते पुढच्या दहा ओळींत सांगा.