कयाकवरून मासेमारी: सामान घेताना या चुका टाळा

रविवारी पहाटे मार्वे-मनोरीच्या खाडीत कयाक घेऊन उतरणारी मंडळी हल्ली दिसू लागली आहेत. बहुतेकजण आधी खडकावरून किंवा जेट्टीवरून गळ टाकणारे. मीही त्यातलाच. त्यामुळे कयाक आली की घरातलंच जुनं सामान तिच्यात भरायचं, असंच वाटतं. पण जेट्टीवर आपण उभे असतो, पायाखाली दगड असतो, विसरलेली वस्तू दोन पावलांवरच्या पिशवीत असते. कयाकमध्ये आपण पाण्यापासून वीतभर उंचीवर पाय पसरून बसलेलो असतो. मागे वळायचं म्हटलं तरी तोल सांभाळावा लागतो. सामान निवडायचं ते या बसलेल्या माणसासाठी, आणि मुंबईच्या पाण्यासाठी. नवीन लोकांचे पैसे आणि मासे कुठे जातात, कधीकधी जीव कसा धोक्यात येतो, ते मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

जेट्टीचा लांब रॉड कयाकवर नेणे

माझा पहिला रॉड नऊ फुटी होता, मढच्या खडकांवरून लांब फेकायला घेतलेला. मनोरीच्या बाजूला तिवरांच्या कडेला एक चांगली तांबोशी लागली. दमवून कयाकपर्यंत आणली, पण हाताशी येईना. रॉडचं टोक माझ्यापासून नऊ फूट लांब आणि मासा त्या टोकाखाली. त्याला जवळ ओढायला मी रॉड डोक्यामागे नेला. रॉड असा उभ्याच्याही मागे गेला की भार जाड बुंध्यावरून निघून काडीएवढ्या टोकावर येतो. कट् असा आवाज झाला, वरचा फूटभर तुकडा लाइनवरून घसरत पाण्यात गेला. लाइन सैल पडली आणि तांबोशी मुळांत शिरली.

मग बरेचजण उलट टोकाला जातात आणि साडेपाच फुटी आखूड रॉड घेतात. तोही चालत नाही. जोरकस मासा कयाकच्या खालून पलीकडे जातो, तेव्हा रॉडचं टोक कयाकच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, नेऊन लाइन पलीकडे फिरवावी लागते. टोक तिथवर पोहोचलं नाही तर लाइन तळाला घासते आणि तुटते. साडेसहा ते सव्वासात फूट ही लांबी इथल्या खाड्यांना बरोबर बसते. दुकानात रॉड बघताना उभं राहून झुलवू नका. स्टुलावर बसा, लाइफ जॅकेट घाला आणि मग हातात घ्या. खालचा दांडा लांब असेल तर तो दरवेळी जॅकेटच्या खिशात अडकतो, हे तिथेच कळेल.

रीलबाबत फार डोकं लावू नका. ३००० किंवा ४००० मापाची, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली एक बरी रील पुरते. दोन स्वस्त रीलपेक्षा एक चांगली घ्या. आणि रॉडही दोनच न्या. चार-चार रॉड उभे करून निघालेल्यांच्या लाइनी एकमेकींत गुंतलेल्या मी पाहिल्या आहेत.

ड्रॅग हाताने चाचपून आवळणे

रीलमधून लाइन किती जोरावर सुटावी ते ठरवणारा आवळा म्हणजे ड्रॅग. जेट्टीवर मासा कालवांत, म्हणजे खडकांवरच्या धारदार शिंपल्यांत, शिरू नये म्हणून तो घट्ट ठेवायची सवय लागते. कयाकवर ती सवय घातक आहे. मासा आडवा पळाला आणि ड्रॅग सुटला नाही, तर तो ओढा रॉडमधून थेट तुमच्या कुशीवर येतो आणि कयाक त्या बाजूला कलते. शिवाय कयाक स्वतःच माशामागे ओढली जाते, म्हणजे अर्धं ड्रॅगचं काम तीच करत असते.

मोजायला घरातला सामान तोलायचा छोटा आकडा-काटा घ्या. लाइन सगळ्या कड्यांतून ओवून काट्याच्या आकड्याला बांधा, रॉड तिरका धरा, दुसऱ्या कोणाला तरी काटा ओढायला सांगा. लाइन सुटायला लागते तेव्हा काटा किती दाखवतो ते बघा. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा तो आकडा हवा. २० पौंडांची, म्हणजे साधारण ९ किलोंची लाइन असेल तर सव्वादोन ते तीन किलो. पहिल्यांदा मोजतात तेव्हा बहुतेकांचा ड्रॅग याच्या दुप्पट निघतो.

तुटलेल्या लाइनचं टोक न बघता नवीन लाइन विकत घेणे

‘लाइन खराब निघाली’ ही तक्रार सारखी ऐकू येते. मासा सुटल्यावर पहिलं काम म्हणजे लाइनचं टोक बोटांत धरून उजेडाकडे करायचं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर लाइन तुटलेलीच नाही, गाठ घसरली आहे. टोक खरखरीत, तंतू सुटलेलं असेल तर ती दगडाला किंवा कालवांना घासली. सुरीने कापल्यासारखं साफ असेल तर कालवाची धार, नाहीतर माशाचा कल्ला. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली लाइन त्याच्या तोंडाशी थेट बांधली तर ती टिकणारच नाही.

म्हणून पुढे ४० ते ५० पौंडांचा लीडर, म्हणजे लाइन आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा, हवाच. कयाकवर तो मीटरभर पुरे. बसून फेकताना लांब लीडरची गाठ रॉडच्या कड्यांत अडकते आणि फेक तुटते. ब्रेडेड लाइन गुळगुळीत असते, त्यामुळे नायलॉनला चालणारी साधी गाठ तिच्यावर घसरते. एफजी किंवा डबल युनी या गाठी शिका. आवळण्याआधी गाठ ओली करा, आणि ती घरी पंख्याखाली बसून वीस वेळा बांधा. हलत्या कयाकवर, खाऱ्या बोटांनी, उन्हात पहिल्यांदा बांधायला गेलात तर जमणार नाही.

लाइनचा सारखा गुंता होत असेल तर दोन गोष्टी तपासा. स्पूल काठोकाठ भरली आहे का? कडेपासून दोनेक मिलिमीटर रिकामी हवी. आणि फेकल्यावर रीलची तार हाताने बंद करता, की हँडल फिरवून? हाताने बंद करून लाइन एकदा ओढून घेतली की निम्मे गुंते होतच नाहीत.

तीन आकड्यांचे गळ मांडीवर घेणे

बाजारातल्या बहुतेक ल्यूअरना, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या खोट्या आमिषांना, दोन-दोन तिहेरी गळ असतात. जेट्टीवर मासा दगडावर पडतो. इथे तो तुमच्या पायांमध्ये पडतो आणि उसळतो. एक गळ त्याच्या तोंडात, दुसरा तुमच्या पोटरीत, अशी वेळ येऊ शकते. तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि त्यांचे काटे पक्कडीने दाबून सपाट करा. लाइन ताणलेली ठेवली तर यामुळे मासे काही फार सुटत नाहीत. मासा उचलायला रबरी जाळीची, आखूड दांड्याची जाळी घ्या. नायलॉनच्या जाळीत गळ असे गुंततात की सोडवता सोडवता भरती निघून जाते.

लांब तोंडाची पक्कड आणि ओठ धरायचा चिमटा यांत काटकसर करू नका. आपल्या खाडीत शिंगाळा पदोपदी लागतो. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कुशींचे काटे विषारी, करवतीसारखे. पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) लागली तर तिला वर घ्यायचा विचारही नको, लाइन कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवला की वेदना बरीच उतरते. मी लहान थर्मास नेतो, तो चहासाठी नसतो. काटा खोल गेला असेल तर मात्र डॉक्टरकडे जायलाच हवं.

नांगर कुशीला बांधणे

या एका चुकीने माणूस जाऊ शकतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

पहिल्या वर्षी मी दीड किलोचा घडीचा नांगर घेतला आणि सोयीची वाटली म्हणून त्याची दोरी सीटशेजारच्या कडीला बांधली. ओहोटी लागली होती. पाणी कुशीवर आदळायला लागलं, कयाक आडवी झाली आणि एक कड पाण्याच्या पातळीला आली. जवळून होडी नेणारे एक कोळी काका ओरडले, “अरे, नांगर बाजूला बांधलास? आधी सोड तो!” गाठ ओल्याने आवळली होती, सुटेना. सुरी जॅकेटवर होती म्हणून दोरी कापता आली. नांगर गेला.

धार कुशीवर येते तेव्हा तिचा सगळा जोर कयाकला खाली दाबायला लागतो. नांगर नाळेला किंवा मागच्या टोकालाच हवा. पण बसल्या जागेवरून हात तिथे पोहोचत नाही. त्यासाठी कयाकच्या कडेने पुढून मागे फिरणारी दोरी आणि कडी बसवून घ्या, म्हणजे कडी ओढून नांगराची दोरी हव्या त्या टोकाला नेता येते. दोरीच्या शेवटी लहान बोया बांधा आणि ती एका झटक्यात सुटेल अशी अडकवा. मोठा मासा लागला किंवा होडी अंगावर आली तर दोरी सोडून द्यायची. बोया तरंगत राहतो, नंतर येऊन घेता येतो.

नांगर खडकात अडकायची भीती असेल तर साखळी नांगराच्या बुडाला बांधा आणि वरच्या कडीला फक्त प्लास्टिकच्या केबल टायने धरा. अडकला की जोर लावा, टाय तुटतो आणि नांगर उलटा ओढला जाऊन सुटतो.

आणि डोलजाळ्यांच्या खुंटांना कयाक बांधू नका. डोल धारेच्या जोरावर चालते, तोंड उघडं ठेवून पाण्याबरोबर येईल ते आत घेते. वाहत गेलेली कयाक तिथे आडवी अडकली तर सुटका कठीण. शिवाय ते कोळ्याचं पोट आहे. खुंट दिसले की लांबून वळा.

पाणी न बघता सामान ठरवणे

उधाणाला मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि सहा तासांनी तेच पाणी चिखल उघडा टाकून निघून जातं. त्या धारेत लाइनला बांधलेलं हलकं शिसं तळाला टिकत नाही आणि आखूड वल्हं मारून माणूस थकतो. रुंद, उंच सीटच्या कयाकला २३० ते २५० सेंटीमीटरचं वल्हं लागतं. कयाकसोबत फुकट मिळालेलं आखूड वल्हं तसंच वापरू नका. ते मारताना हाताची बोटं सारखी कयाकच्या कडेवर आपटतात.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत आजही चालते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मोबाइलवरचं कोष्टक अचूक असतं, पण हे तोंडपाठ असलं की शनिवारी रात्री सामान भरतानाच कोणतं शिसं घ्यायचं ते कळतं. सुरुवात अष्टमीच्या आसपासच्या भांगात करा. पाणी तेव्हा कमी पळतं. ओहोटीच्या शेवटी परतायचं ठरवलं तर जेट्टी समोर दिसते आणि मध्ये शे-दोनशे मीटर गाळ असतो. त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. गमबूट तिथेच अडकून राहतात आणि उलटल्यावर पाण्याने भरतात. जाड तळाचे, घट्ट बसणारे पाण्यातले बूट घ्या. कालवांवर अनवाणी पाय ठेवायचा नाही.

वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे जाताना वाटतं की आज हात फारच चालले. दुपारी खारे वारे उलटे सुटतात आणि पाणी उसळायला लागतं. मी अकराच्या आत खाडीत परत असतो. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कयाक घरीच. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक बोटींसाठी असली तरी त्या समुद्रात वल्ह्याच्या माणसाचं काही काम नाही.

आधी रॉड, उरलेल्या पैशात लाइफ जॅकेट

हा क्रम उलटा करा. जॅकेट आधी, मग वल्हं, मग रॉड. जॅकेट घालून पट्टे आवळा आणि कोणाला तरी खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. कानांपर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल. मागचा फोम सीटच्या पाठीला अडत असेल तर तुम्ही ते तासाभरात काढून मागे टाकाल, म्हणून पाठ उंच कापलेलं घ्या. शिट्टी आणि सुरी जॅकेटलाच हवी. फोन जलरोधक पाकिटात, अंगावर, कयाकवर नाही. उलटल्यावर कयाक एका बाजूला जाते आणि माणूस दुसऱ्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा शोध-बचाव क्रमांक त्यात आधीच साठवून ठेवा.

रॉड, वल्हं, पक्कड दोरीने बांधाच, पण दोऱ्या आखूड आणि गुंडाळीच्या. लांब लोंबणाऱ्या दोऱ्या उलटल्यावर पायांत अडकतात. रॉड नेण्याआधी एकदा रिकाम्या कयाकने छातीभर पाण्यात जा, मुद्दाम उलटा आणि परत चढून बघा. जमत नसेल तर ते जमेपर्यंत गळ घरी राहू दे.

धुण्याच्या नावाखाली रील बुडवणे

घरी आल्यावर रील बादलीत बुडवून ठेवणारे खूप. त्याने मीठ आणखी आत जातं. आधी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे पाणी आतल्या चकत्यांपर्यंत जात नाही. मग बारीक धारेखाली, जोर न देता, मिनिटभर धुवा. फडक्याने पुसा. वापरलेले ल्यूअर वेगळे धुऊन वाळवा, नाहीतर एका गंजलेल्या गळाने डबाभर गळांना तांबेरा चढतो. शेवटी ड्रॅग सैल सोडा, नाहीतर चकत्या दाबल्या जाऊन पुढच्या खेपेला झटके देत सुटतात, आणि रील सावलीत उघडी ठेवा.