सरपंचपदाच्या उमेदवाराने उपसरपंचपदाचा जोडीदार कसा निवडावा

आमच्या वर्धा-यवतमाळच्या कापूसपट्ट्यात ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की सरपंचपदाचा उमेदवार आरक्षणाच्या सोडतीनंतर दोन-चार बैठकांत ठरतो. घोडे अडते ते उपसरपंच कोण या प्रश्नावर. सरपंच थेट गावाने निवडून देण्याची पद्धत महाराष्ट्रात 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. या पद्धतीत सरपंच सगळ्या गावाच्या मतांवर येतो, उपसरपंच मात्र निवडून आलेल्या सदस्यांमधून पहिल्या सभेत निवडला जातो. मतदान यंत्रावर जोडी नसते, तरीही प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून गाव जोडीच पाहत असते. पॅनेलच्या बैठकांना मी तीन निवडणुका बसलो आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: जोडीदार मते आणण्यासाठी निवडायचा नसतो, आपण गावात नसताना गाव चालवण्यासाठी निवडायचा असतो. पुढे जे लिहितो आहे ते याच मतावर उभे आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार स्वतः निवडतो आणि लोक दोघांना मिळून एकच मत देतात, पण तेथेही हे पहिल्यापासून असे नव्हते. 1796 च्या निवडणुकीत जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन दुसऱ्या क्रमांकाची मते मिळाल्यामुळे त्यांचेच उपाध्यक्ष झाले. पुढच्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांचा स्वतःचा जोडीदार ॲरन बर यांना निर्वाचक प्रतिनिधींची प्रत्येकी 73 मते पडली आणि निकाल लावण्यासाठी प्रतिनिधिगृहाला 36 वेळा मतदान घ्यावे लागले. त्यानंतर 1804 मध्ये बारावी घटनादुरुस्ती होऊन दोन्ही पदांसाठी वेगळे मत देण्याची सोय झाली. आपल्या गावांत 1796 ची ती अवस्था आजही येते. सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, आणि म्हणून उपसरपंचही दुसऱ्याच पॅनेलचा, अशा ग्रामपंचायती प्रत्येक तालुक्यात सापडतील. तेव्हा सुरुवात माणसापासून न करता मोजणीपासून करावी.

लोकसंख्येनुसार ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात. सात सदस्यांची ग्रामपंचायत असेल तर आपले चार सदस्य निवडून येणे ही पहिली अट, आणि आपण मनात धरलेला माणूस त्या चारांत असणे ही दुसरी. मते समसमान झाली तर सरपंचाचे निर्णायक मत असते, पण त्या मताच्या भरवशावर पाच वर्षांचा कारभार उभा करू नये. आम्ही एका निवडणुकीत गावभर मान असलेल्या गुरुजींना उपसरपंच करायचे ठरवले आणि त्यांना अशा प्रभागात उभे केले, जिथे त्यांचाच चुलतभाऊ समोरून उभा राहणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. भावकीची मते फुटली, गुरुजी पडले, आणि उपसरपंच कोणाला करायचे हे आम्ही निकालाच्या रात्री, गुलाल अंगावर असताना, घाईघाईने ठरवले. म्हणून प्रभागवार मतदार यादी घ्यावी, ओसरीवर बसून पेन्सिलने एकेका घरापुढे खूण करावी, आणि जोडीदाराला त्याच्या प्रवर्गाची जागा असलेल्या सर्वांत सुरक्षित प्रभागातून उभे करावे. सरपंचपदाच्या उमेदवाराने स्वतःच्या सोयीचा विचार येथे बाजूला ठेवावा, कारण त्याला मते सगळ्याच प्रभागांतून घ्यायची आहेत.

यानंतर समतोलाचा प्रश्न येतो आणि बहुतेक पॅनेले येथेच चुकतात. सरपंच एका समाजाचा असेल तर उपसरपंच दुसऱ्या समाजाचा, सरपंच गावठाणातला असेल तर उपसरपंच तांड्यावरचा किंवा पोडावरचा (म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा), असा हिशेब सगळेच करतात आणि त्यात वावगे काही नाही. 1960 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जॉन केनेडींनी टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. टेक्सस त्यांच्या बाजूने आले आणि अटीतटीची ती निवडणूक त्यांनी जिंकली. पण जॉन्सन हे केवळ टेक्ससचे म्हणून निवडले गेले नव्हते. ते सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते आणि कायदा कसा मंजूर करून घ्यायचा हे त्यांच्याइतके फार थोड्यांना ठाऊक होते. केनेडींच्या हत्येनंतर 1963 मध्ये तेच अध्यक्ष झाले, तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडली. आपल्याकडे तांड्यावरचा माणूस घ्यायचा तर तो केवळ आडनावासाठी घेऊ नये. तांड्यावर रात्री कोणाला साप चावला तर लोक ज्याच्या दारावर थाप देतात, तो घ्यावा. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि मेळघाटातील अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद पेसा कायद्याप्रमाणे (आदिवासी क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याप्रमाणे) अनुसूचित जमातीसाठी राखीव असते. तेथे बिगरआदिवासी मंडळी उपसरपंचपद हाती घेऊन कारभार आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न करतात. अशा गावात सरपंचपदाच्या उमेदवाराने जोडीदार निवडताना दुप्पट सावध राहावे.

कागदपत्रांची तपासणी हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर बाकीचे सगळे वाया जाते. 1972 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी शेवटच्या घटकेला थॉमस ईगलटन यांना जोडीदार म्हणून निवडले. ईगलटन यांनी पूर्वी नैराश्यावर रुग्णालयात उपचार घेतले होते. आजारी पडणे हा काही दोष नाही. पण निवड करणाऱ्याला ती गोष्ट आधी माहीत नव्हती, वार्ताहरांना तिचा सुगावा लागला, आणि 18 दिवसांत ईगलटन यांना बाजूला व्हावे लागले. आपल्या गावात अशी गोष्ट वर्तमानपत्रात येत नाही, ती छाननीच्या दिवशी हरकतीच्या रूपाने येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे निवडून आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेच्या अर्जाच्या रूपाने येते आणि उपसरपंचाची खुर्ची मध्येच रिकामी होते.

तेव्हा ज्याचे नाव पुढे आले आहे त्याच्या घरी जाऊन, चहा घेऊन, त्याला स्पष्ट विचारावे आणि कागद पाहावेत. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली आहे का? घरपट्टी-पाणीपट्टीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरले आहे का, आणि त्याची पावती आहे का? घरी शौचालय आहे आणि ते वापरात आहे का? 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी उत्तीर्ण असल्याचा दाखला आहे का? राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचे काय? ग्रामपंचायतीच्या एखाद्या कामात त्याची किंवा भागीदारामार्फत त्याची ठेकेदारी आहे का? सर्वांत जास्त अडचण येते ती अतिक्रमणाची. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा अपात्र ठरतो हे सगळ्यांना माहीत असते, पण अतिक्रमण वडिलांनी केलेले असले आणि उमेदवार त्याच जागेत राहत असला तरी तो अपात्र ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गावठाणाच्या कडेला, नाल्याच्या काठाला ज्यांची घरे आहेत त्यांच्या बाबतीत नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा काढून जागा कोणाच्या नावाची आहे ते पाहिल्याशिवाय शब्द देऊ नये. हे प्रश्न विचारल्यावर जो रागावतो, त्याला का राग आला हेही समजून घ्यावे. पुष्कळदा तो अपमानाचा नसून भीतीचा असतो.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. सरपंच आईच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला होते. उपसरपंच आम्हीच केलेला होता, आणि तो केवळ एवढ्यासाठी की त्याच्या भावकीची मते एकगठ्ठा होती. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "सरपंच येऊ द्या, मंग पाहू." विहिरीची चावी कोणाकडे आहे, मोटर कोणत्या दुकानातून घेतली होती, वॉरंटीचा कागद कुठे आहे, यातले त्याला काहीच माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर कोणी त्याला ते कधी सांगितलेही नव्हते. सहा दिवस बायाबापड्या पाण्याचे हंडे घेऊन शिवारातल्या विहिरीवर जात होत्या. सरपंच नसताना त्याची कामे उपसरपंचाने करायची असतात हे कायद्यात लिहिलेले आहे. पण ती करण्याची तयारी माणसात असावी लागते, आणि ती निवडीच्या वेळीच पाहावी लागते.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी वारले, तेव्हा हॅरी ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन अवघे 82 दिवस झाले होते, आणि अणुबॉम्बच्या कामाची माहिती त्यांना अध्यक्ष झाल्यावर मिळाली. एवढ्या मोठ्या देशात हे घडते, तर आपल्या गावात विहिरीची चावी हरवणे अगदी सहज घडू शकते.

त्या एप्रिलनंतरच्या निवडणुकीत आम्ही शोध वेगळ्या रीतीने घेतला. ज्यांनी आधी लोकांचे काही सांभाळले आहे, असे कोण आहे, हे आम्ही पाहिले. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या एका बाईंचे नाव निघाले. त्यांनी कापडी बांधणीची वही समोर ठेवली: बारा वर्षांच्या दरमहाच्या नोंदी, कर्ज कोणी घेतले, कधी फेडले, आणि जिथे चूक झाली तिथे खोडरबर न वापरता एक रेघ मारून शेजारी सही. मी विचारले की, पैसे घरी ठेवावे लागले तर काळजी वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "पैसा लोकाईचा हाये भाऊ, बँकेत भरेपर्यंत मी उशाखाली घेऊनच झोपतो." आमच्या बैठकीत त्यांच्या नावावर पुढे चर्चेची गरजच उरली नाही. मतांचा विचार केला तर त्यांच्यामागे भावकी मोठी नव्हती, पण प्रभागातल्या प्रत्येक घरात त्यांच्या गटाची एक तरी सदस्य होती. तुम्हीही अशीच पुराव्याची वस्तू शोधावी: देवळाच्या वर्गणीचा हिशेब, दूध संकलनाचे रजिस्टर, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते. बोलण्यावरून माणूस कळतो असे म्हणतात, पण त्याने आधी सांभाळलेल्या वहीवरून तो जास्त कळतो.

सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल तर आणखी एक परीक्षा घ्यावी, आणि ती मी फार महत्त्वाची मानतो. बैठकीत उमेदवार बाईंनी इच्छुक जोडीदाराला एखादा प्रश्न विचारावा, आणि तो उत्तर देताना कोणाकडे पाहतो ते पाहावे. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर तो त्यांच्या नवऱ्याकडे पाहून देत असेल, तर निवडून आल्यावर ठरावाचे कागदही तो नवऱ्याकडेच घेऊन जाईल. पन्नास टक्के जागा महिलांसाठी आहेत. त्यांपैकी किती ठिकाणी कारभार खरोखर त्यांच्या हाती राहतो हे पुष्कळदा उपसरपंचावर अवलंबून असते, त्यामुळे येथे भिडेने निर्णय घेऊ नये.

नाव ठरले की अर्ज भरण्यापूर्वी एक दीर्घ बोलणे व्हावे. 1976 मध्ये जिमी कार्टर यांनी वॉल्टर माँडेल यांना निवडले, तेव्हा कामाविषयी दोघांत आधीच बोलणे झाले होते. माँडेल यांना कार्यालय अध्यक्षांच्या जवळच मिळाले आणि दर आठवड्याला दोघे सोबत जेवत. उपसरपंचाला आपण काय देणार हे तसेच स्पष्ट सांगावे: पाणीपुरवठा त्याच्याकडे, की अंगणवाडी आणि शाळा, की वसुली. मानधनाचे आमिष कोणी धरू नये. 2000 पर्यंत लोकसंख्येच्या गावात उपसरपंचाचे मासिक मानधन 2024 मध्ये वाढले तेही 1000 वरून 2000 रुपयांवर.

याच बोलण्यात एक गोष्ट अजिबात करू नये, ती म्हणजे उपसरपंचपद दोघा-तिघांना कबूल करणे. अडीच-अडीच वर्षांची वाटणी तोंडी ठरते, नारळावर हात ठेवून शपथाही होतात, पण त्या वाटणीला कायद्याचा आधार नाही; ज्याची पाळी संपली त्याने राजीनामा दिला नाही तर त्या शब्दाच्या जोरावर तुम्ही त्याला हटवू शकत नाही, आणि दुसरा माणूस समोरच्या पॅनेलकडे गेलेला असतो. थेट निवडलेल्या सरपंचावरील अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि त्यानंतर तो ग्रामसभेतही मंजूर व्हावा लागतो, म्हणून खुर्ची सहसा जात नाही. पण रोजच्या ठरावांना साधे बहुमत लागते आणि एकेक सदस्य दुखावल्यावर ते हातातून जाते. नाव एकच ठरवावे आणि ते पॅनेलच्या सगळ्या उमेदवारांसमोर अर्ज माघारीच्या तारखेआधी सांगावे, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला तेव्हाच बाजूला होता येते. असे केले तर निकालानंतर सदस्यांना गाड्यांत बसवून सहलीला नेण्याची वेळही सहसा येत नाही.

पहिल्या सभेत निवड झाली, हार घालून झाले, की त्याच आठवड्यात उपसरपंचाला सोबत घेऊन विहिरीवर जावे, व्हॉल्व्ह कोणता कुठे उघडतो ते दाखवावे, मोटर दुरुस्त करणाऱ्याचा फोन त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्यावा, बिले आणि वॉरंटीचे कागद कोणत्या कपाटात आहेत ते सांगावे, आणि चावीची दुसरी प्रत त्याच्या हाती द्यावी.