कॅम्पिंग करायचं तर नीट करा

आम्ही नाशिकला सिडकोत रात्री चौघं बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, मोबाईलवरचा शूटिंग गेम) खेळतो आणि कॅम्पिंगला, म्हणजे एका जागी लपून शत्रूची वाट बघण्याला, भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी मी खरंच भांडतो. त्यातला एरँगल हा नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा, १०० प्लेअर, नुसतं पळून कसं चालेल? आधी पुढचा झोन (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) बघा, त्यात येणारं दुमजली घर धरा, दारं लावून घ्या म्हणजे उघडल्याचा आवाज येतो, आणि जिन्याच्या वर कोपऱ्यात बसा, कारण टीपीपीत (आपला खेळाडू बाहेरून दिसतो तो मोड) कॅमेरा मागे असतो त्यामुळे अंग न दाखवता जिना दिसतो पण वर येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. हलू नका, पावलं ऐकू जातात. हेडफोन हवाच. एक किल झाला की जागा बदला, त्याचे टीममेट ग्रेनेड टाकतात. कॉल ऑफ ड्यूटी या दुसऱ्या गेममध्ये तर किलकॅममध्ये (मेलेल्याला दिसणारा मारणाऱ्याच्या नजरेतला रिप्ले) तुमचा कोपराच दिसतो, तिथे लगेच उठायचं.