लांबच्या विमानप्रवासाआधी घड्याळाची तयारी

बॅग नंतर भरा, आधी अंतर बघा. सपाट नकाशावर पट्टी ठेवून नको, पृथ्वीगोलावर दोरा ताणून. टोकियो ते लॉस एंजेलिस दोरा ताणलात तर तो सरळ पूर्वेला न जाता वर अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या बाजूला चढतो. हे अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलं की दहाएक तास येतात.

पण हा आकडा परतीला लावू नका. उंचावरचा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे जाताना दहा तास लागले, तर येताना साडेअकरा-बारा धरा. हिवाळ्यात वारा आणखी जोरात असतो.

आता तिकीट हातात घ्या. त्यावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. हिवाळ्यात लॉस एंजेलिसचं घड्याळ टोकियोच्या सतरा तास मागे असतं. तेव्हा टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून दहा तासांनी उतरलात, तर लॉस एंजेलिसला त्याच तारखेचे सकाळचे १० वाजलेले असतात! निघण्याच्या सात तास आधी पोहोचलात म्हणायचं. हा मिळालेला दिवस परतीत व्याजासकट कापला जातो. मी इथेच फसलो होतो. रविवारी दुपारी तिकडून निघायचं आणि सोमवारी सकाळी टोकियोत बैठक, असं ठरवून बसलो. उतरलो तेव्हा सोमवारची संध्याकाळ झाली होती.

तेव्हापासून मी एका कागदावर तीन रकाने आखतो: निघण्याच्या गावची वेळ, पोहोचण्याच्या गावची वेळ आणि घरातून निघाल्यापासूनचे तास. औषधांचं वेळापत्रक तिसऱ्या रकान्यावर बसवा, तेही डॉक्टरांना विचारून. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच, कारण ती चेक-इनच्या सामानात चालत नाही. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रवास असेल तर वेळेतला फरक पुन्हा तपासा. अमेरिका आणि युरोप घड्याळं वेगवेगळ्या रविवारी पुढेमागे करतात, जपान करतच नाही.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना, ते बघा. वेगळी तिकिटं असली तर बहुतेकदा सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, कधी त्या देशाचा व्हिसाही लागतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी, बरेच देश तेवढी मागतात.

विमानातली हवा फार कोरडी असते. पाणी पीत राहा, दर दोनेक तासांनी उठून चाला. पूर्वेकडे जाणार असाल तर दोन-तीन दिवस आधीपासून थोडं लवकर झोपा, कारण झोप पुढे ढकलण्यापेक्षा अलीकडे ओढणं जड जातं. आणि घ्यायला येणाऱ्याला उतरण्याची वेळ कळवताना तिकडची तारीख आणि उड्डाण क्रमांक लिहून पाठवा. नुसतं ‘उद्या सकाळी येतो’ म्हणू नका.