पाळीव पक्ष्याच्या हिरव्या पिसांत पिवळं किंवा काळं दिसू लागलं तर

पूर्ण वाढलेलं पीस नखासारखं निर्जीव असतं. नवा रंग येतो तो जुनं पीस झडून दुसरं उगवल्यावरच. म्हणून आज दिसणारा डाग ते पीस उगवत होतं तेव्हाची तब्येत सांगतो.

बजरीचं (बजरिगार या छोट्या विदेशी पोपटाचं) पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की कपाळावरच्या काळ्या रेघा जातात. ते वाढीचं लक्षण, घाबरू नका.

हिरवा रंग दोन गोष्टींतून बनतो: पिवळं रंगद्रव्य आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसणारा निळा. ही रचना नीट घडली नाही की हिरव्यात पिवळे किंवा काळपट डाग उमटतात. मागे बहुतेकदा निकृष्ट आहार किंवा यकृताचा आजार असतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे नुसती बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया घालण्याची सवय फार आहे, आणि ती खरंच सोडायला हवी. सूर्यफुलात चरबी जास्त, दोन्हींत अ जीवनसत्त्व अगदी कमी. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर रोज थोडं द्या. केळी घरचीच असली तरी एक चकती पुरे.

आधी मात्र आंघोळीचं पाणी ठेवून बघा. चुलीच्या धुराची काजळीही पिसं काळी करते. नवी पिसंही डागाळलेलीच आली, पक्षी सुस्त झाला किंवा चोच वेडीवाकडी वाढू लागली, तर पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना लगेच दाखवा.

हे सगळं बजरी, लव्हबर्डसारख्या पक्ष्यांसाठी. आपल्या रानातला पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे.