फायरवॉलला हात लावण्याआधी: विंडोज डेस्कटॉपवरची तयारी

आधी कोणते पोर्ट (प्रोग्रॅम ज्यांवर नेटवर्कची जोडणी घेतात ते क्रमांक) उघडे आहेत ते पाहून घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटस्टॅट’ ही कमांड ए, एन, ओ हे तीन स्विच लावून चालवा आणि फक्त ‘लिसनिंग’ लिहिलेल्या ओळी वाचा. पत्ता 127.0.0.1 असेल तर तो पोर्ट याच संगणकापुरता आहे, सोडून द्या. 0.0.0.0 असेल तर तो नेटवर्कवरच्या इतरांसाठीही कान देऊन बसलाय. शेवटच्या रकान्यातला पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये शोधला की प्रोग्रॅमचं नाव कळतं. 135, 445 आणि 49664पासून पुढचे काही पोर्ट बहुतेक विंडोजवर दिसतातच, त्यांना घाबरायचं कारण नाही. 3389 दिसला तर रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या संगणकावरून हा संगणक चालवायची सोय) चालू आहे. वापरत नसाल तर सेटिंग्जमधून बंद करा. 3306 म्हणजे बहुधा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी टाकलेल्या झॅम्पमधला (आपल्याच संगणकावर वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअर-संचातला) डेटाबेस. तो लागत असेल तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये बाइंड अ‍ॅड्रेस (सेवा ज्या पत्त्यावर ऐकते तो) 127.0.0.1 करून सेवा रीस्टार्ट करा, नको असेल तर काढूनच टाका. बंद केलेल्या सेवेसाठी नियम सांभाळावा लागत नाही.

मग फायरवॉलची ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ खिडकी उघडून उजवीकडच्या ‘एक्सपोर्ट पॉलिसी’ने आत्ताचे नियम फाइलमध्ये ठेवा. ती फाइल परत इंपोर्ट केली की मधले सगळे बदल पुसले जातात, हे ध्यानात असू द्या.

घरच्या वायफायचं प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे ना? शेअर केलेला प्रिंटर दिसत नसेल तर बऱ्याचदा ते ‘पब्लिक’वर राहिलेलं असतं. त्यासाठी आख्खी फायरवॉल बंद करू नका.

नियम करूनही प्रोग्रॅम जोडला जात नाही, ही नेहमीची तक्रार. पहिल्यांदा विचारणा आली तेव्हा कुणीतरी ‘कॅन्सल’ दाबलेलं असतं आणि विंडोजने त्या प्रोग्रॅमसाठी ‘ब्लॉक’ नियम करून ठेवलेले असतात. ब्लॉक आणि अलाउ समोरासमोर आले की ब्लॉकच चालतो. इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांत) लाल खूण असलेले ते नियम शोधून आधी काढा. नवा नियम करताना प्रोफाइल फक्त ‘प्रायव्हेट’ ठेवा आणि नंतर प्रॉपर्टीजमधल्या ‘स्कोप’मध्ये रिमोट पत्ता आपल्या नेटवर्कपुरता द्या, उदाहरणार्थ 192.168.1.0/24, म्हणजे 192.168.1ने सुरू होणारे सगळे पत्ते. आपला पत्ता आधी ‘आयपीकॉन्फिग’ कमांडने तपासा.

चाचणी दुसऱ्या संगणकावरूनच घ्या. त्याच संगणकावरून घेतली तर फायरवॉलने अडवलेला पोर्टही उघडा वाटतो. तरी जमत नसेल तर अडवलेल्या पॅकेटची लॉग चालू करा, ती मुळात बंद असते.

राउटरवरही एक नजर टाका. मे 2017मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस 445वरूनच (फाइल शेअरिंगच्या पोर्टवरून) पसरला, आणि त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच आलेला होता. 445 आणि 3389 राउटरवर कधीही फॉरवर्ड (इंटरनेटवरून आत यायला खुले) करू नका, आणि यूपीएनपीने (प्रोग्रॅमना राउटरवर आपोआप पोर्ट उघडू देणाऱ्या सोयीने) परस्पर उघडलेल्या पोर्टांची यादीही तपासा.